राजाचं पडसं आणि अकरा मिनिटं

ठाणे,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. हेमाआत्या,

नमस्कार लांबूनच करते, जवळ आले की तू टपली मारतेस. फोन केला तर तुझं कानातलं यंत्र शिट्टी घालतं, व्हॉट्सॲप तू बघत नाहीस, आणि "काय ते लिहून केदारजवळ दे" असं परवा ओरडलीस, म्हणून हे पत्र. तुझा हा लेक रोज बाइकवरून वागळे इस्टेटला ऑफिसला जाताना आमच्या माजिवड्याच्या शाळेवरूनच जातो, तेव्हा टपालखातं घरचंच आहे.

जूनमध्ये मी एसीतली नोकरी सोडून 'पाऊलवाट' नावाच्या माँटेसरीत नाट्य आणि संगीत शिकवायला लागले, तेव्हापासून तुझा भाऊ माझ्याशी "मीठ दे" एवढंच बोलतो. तुला वाटेल, चार-पाच वर्षांच्या पोरांना नाटक शिकवायचं म्हणजे गंमत असेल. आमच्या देवयानीताई, म्हणजे मुख्याध्यापिका, माँटेसरीचं व्रत घेतल्यासारख्या आहेत. वर्गात प्रत्येक वस्तू एकच. ज्याने आधी घेतली त्याने चटई अंथरून तिच्याशी हवं तितका वेळ काम करायचं, बाकीच्यांनी वाट बघायची. मूल कामात असेल तर कोणीही मध्ये बोलायचं नाही, ताईंनीसुद्धा नाही. काम झालं की वस्तू पुसून जागेवर. शाबासकी नाही, टाळी नाही, बक्षीस नाही.

आता घोडबंदर रोडला एक नवी शाळा निघाली आहे, तिच्या गॅदरिंगला स्टेजवर धूर सोडतात म्हणे. तो धूर आमच्या पालकांच्या डोक्यात गेलाय. त्यामुळे २५ जानेवारीला मी बावीस मुलांचा कार्यक्रम करायचा. पालकांना आवडला तर मी कायम. नाही आवडला तर दर शनिवारी बाहेरून डान्स सर येणार आणि मार्चअखेर माझी जागा बंद. आत्या, मला ही नोकरी हवी आहे. बाबांना खोटं पाडायला नव्हे. मला तिथे सकाळी जावंसं वाटतं, एवढंच.

चौतीस वर्षं तू शाळेत गॅदरिंग बसवलीस. त्यातलं एक छोटं नाटक दे.

तुझी,
संचिता


डोंबिवली,
२१ नोव्हेंबर

चि. संचिता,

आशीर्वाद आहेत, त्यांची तुला गरज पडणार असं दिसतंय.

टाळी नाही म्हणजे काय? मुलं टाळीवरच तर चालतात. आणि मूल कामात असताना मध्ये बोलायचं नाही हे कोणी ठरवलं? मी चौतीस वर्षं दुसरं काहीच केलं नाही. असो. ज्याचं त्याचं व्रत.

'राजाला पडसं' हे नाटक सोबत देते. मीच लिहिलेलं आहे, त्यामुळे चांगलं आहे. राजा शिंकतो, नोकर लादी पुसतो, वैद्य येतात, प्रधान येतो, सगळे आपापला काढा पाजतात, पडसं वाढतच जातं. शेवटी एक पोरगा साधं पेलाभर पाणी आणून देतो आणि राजाला बरं वाटतं. वीस मिनिटांत संपतं आणि आजतागायत पडलेलं नाही.

आता नीट ऐक. राजा कोणाला करायचं? ज्याची आई सगळ्यांत भांडखोर त्याला. हुशार मुलं पुढे. जी ऐकत नाहीत त्यांना झाडं कर. झाडांना संवाद नसतात, आणि झाडांचे आईबापही फोटो काढायला वेळेवर येतात. तू विंगेत उभी राहायचं आणि डोळे वटारायचे. कोणी अडलं की पुढचं वाक्य तू मोठ्यांदा म्हणायचं, प्रेक्षकांना ते ऐकू येत नाही असा समज आहे.

गुडघ्यामुळे मी येऊ शकत नाही. नाहीतर बावीस काय, दोनशे पोरं सरळ केली असती.

तुझी,
हेमाआत्या


ठाणे,
९ डिसेंबर

ती. आत्या,

तुझ्या नाटकाचं काय झालं ते सांगते, पण आधी पाणी पी.

भूमिका वाटायची आमच्याकडे सोय नाही. मूल स्वतः निवडतं. म्हणून मी नाटकातलं सामान मांडणीवर ठेवलं. मुकुट एक, वैद्याची पिशवी एक, तुतारी एक, लादी पुसायचं फडकं एक, पाण्याचा जग आणि पेल्यांचा ट्रे एक. साईनाथने मुकुट उचलला. हा पोरगा चिडला की शेजारच्याला चावतो, म्हणजे राजाचा पिंड आहे. मुकुट घालून खुर्चीवर बसला आणि दहा सेकंदांनी म्हणाला, "ताई, आता काय काम?" मी म्हटलं, राजाला काम नसतं, राजा बसतो. त्याने मुकुट काढला, पुसला, जागेवर ठेवला आणि जाऊन फडक्याच्या रांगेत उभा राहिला.

होय, फडक्याची रांग आहे. सात जण नोकर व्हायला टपलेत, कारण नोकराला खरं काम आहे. फडकं एकच असल्यामुळे एकाचं पुसून होईपर्यंत बाकीचे सहा शांतपणे वाट बघतात. आमची शकूमावशी, शाळेची साफसफाई बघणारी, ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "पोरां लादी पुसतान, मं मी काय करू? मीच राजा होतंय." मला तर विचार पटला होता.

अंतरा नावाची एक साडेचार वर्षांची न्यायाधीश आहे, ती फक्त कोण नियम मोडतं ते बघते. प्रेम नावाचा एक मुलगा जग-पेल्यांचा ट्रे घेऊन बसला की उठत नाही. झाड व्हायला कोणीही तयार नाही. मी विचारलं तर अंतरा म्हणाली, "बाहेर आहे ना झाड."

राजाशिवाय नाटक कसं करू?

संचिता


डोंबिवली,
१२ डिसेंबर

चि. संचिता,

राजाशिवाय नाटक म्हणजे नवऱ्याशिवाय संसार. चालतो, बऱ्याचदा जास्त चांगला चालतो, पण लोकांना पटत नाही.

तू अतिशहाण्यांच्या नादी लागली आहेस. पाच वर्षांच्या पोराला निवडायला सांगितलं तर ते फडकंच निवडणार, मीही लहानपणी झाडूच घेऊन फिरायचे, आणि पुढे जन्मभर तोच हातात राहिला. मुलांना निवड द्यायची नसते, चिक्की द्यायची असते. त्या साईनाथला रोज एक शेंगदाण्याची चिक्की दे आणि खुर्चीला चिकटव. रोज तालीम घे. एक-दोन-तीन म्हटलं की शिंक, चार-पाच म्हटलं की फडकं. पाणीवाला पोरगा फार वेळ लावत असेल तर पेला आधीच भरून ठेव. स्टेजवर कोणी खरं काम करत नसतं, बाई.

देवयानीताईंना सांगायची गरज नाही. मी आमच्या मुख्याध्यापकांना चौतीस वर्षांत काहीही सांगितलं नाही.

हेमाआत्या


ठाणे,
१३ जानेवारी २०२५

ती. आत्या,

घाईत लिहितेय. सगळं छान चाललंय. राजा मिळाला. तालीम रोज. चिक्की लागू पडली. तू काळजी करू नकोस. तिळगूळ केदारदादाबरोबर पाठवतेय.

संचिता


डोंबिवली,
१६ जानेवारी

चि. संचिता,

तिळगूळ बरा होता. पत्र मात्र कडू निघालं. तुझ्या बापालाही खोटं बोलताना छोटी छोटी वाक्यं लागायची, ते मला लहानपणापासून पाठ आहे.

केदारला विचारलं. तो दिवसाला तीन शब्द बोलणारा माणूस, म्हणाला, "राजा दिसला नाही." सोमवारी तिळगूळ घ्यायला आला तेव्हा म्हणे अर्धा तास तुमच्या खिडकीशी उभा होता. ऑफिसला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली. म्हटलं, अर्धा तास काय बघत होतास रे? तर म्हणतो, "एक मुलगा पाणी ओतत होता." आता त्यात बघायचं काय? आमच्या सोसायटीत टँकर येतो तेव्हा हा बाल्कनीतसुद्धा येत नाही.

म्हणजे राजा नाही, तालीम नाही, आणि नऊ दिवस उरले. आता एकच उपाय. तू स्वतः राजा हो. मुकुट घाल, खुर्चीत बस, आणि तिथूनच सगळ्यांना हाक. विंगेतून ओरडण्यापेक्षा सिंहासनावरून ओरडलेलं शोभतं. पोर अडलं की म्हणायचं, "सेवका, पुरे." राजाच्या तोंडी ते वाक्य बसतं आणि प्रेक्षकांना वाटतं नाटकातलंच आहे. ही युक्ती मी कोणाला दिलेली नाही.

हेमाआत्या


ठाणे,
२७ जानेवारी

ती. आत्या,

झालं एकदाचं. ऐक.

शेजारच्या सोसायटीचं क्लब हाउस. पन्नास-साठ पालक, प्रत्येकाचा मोबाइल वर. मी मुकुट घालून सिंहासनावर, म्हणजे प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर टाकून. पडसं खरंच झालं होतं, त्यामुळे अभिनयाचा प्रश्नच नव्हता. मी शिंकले, पहिल्या नोकराने लादी पुसली. लोक हसले. पण रांगेत सहा जण उरले होते, म्हणून मी आणखी सहा वेळा शिंकले. वैद्य आले, प्रधान आला, तुतारी वाजली. इथपर्यंत तुला अभिमान वाटला असता.

मग प्रेम ट्रे घेऊन आला. नाटकात पेला एक आहे. पण मांडणीवरच्या ट्रेमध्ये पेले पाच असतात. त्याने चटई अंथरली. पहिला पेला भरला, आतल्या निळ्या रेषेपर्यंत. मग दुसरा. जगाच्या तोटीला थेंब राहिला की तो स्पंजने टिपायचा. पाचही भरले, एक थेंब सांडला नाही. आणि वर्गात करतो तसं त्याने ते सगळं पाणी परत जगात ओतलं आणि पुन्हा सुरुवात केली.

लोक आधी हसले, मग खोकले, मग बोलायला लागले. माझ्या तोंडात तुझं वाक्य तयार होतं, "सेवका, पुरे." जीभ उचलेना. प्रेमचं तोंड बघितलं असतंस तर तूही मध्ये बोलली नसतीस. हॉलमध्ये कोणी आहे हेच त्याला माहीत नव्हतं. बाकीची एकवीस मुलं स्टेजवर मांडी घालून बसली आणि वाट बघायला लागली, त्यांना त्यात काही विशेष वाटलंच नाही. पुढच्या रांगेतल्या एका काकांनी आटपा आता म्हणून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अंतरा उठून स्टेजच्या कडेला गेली आणि म्हणाली, "काका, त्याचं काम चाललंय." काकांनी हात मांडीवर ठेवले.

व्हिडिओवर मोजली गेली, अकरा मिनिटं. मग प्रेमने ट्रे पुसला, चटई गुंडाळली आणि ट्रे जागेवर ठेवायला निघून गेला. राजाला पाणी मिळालंच नाही. मी तशीच शिंकत बसले आणि कार्यक्रम संपला.

पालकांच्या ग्रुपवर काय काय आलं ते सगळं लिहीत नाही. "हे नाटक होतं की पाणीपुरवठा खातं" हे त्यातल्या त्यात सभ्य. प्रेमची आई मला बाजूला घेऊन विचारत होती, ह्याला काही प्रॉब्लेम आहे का, खरं सांगा, आम्ही डॉक्टरांना दाखवू. देवयानीताईंनी माझे दोन्ही हात धरले आणि तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं म्हणाल्या. पण बावीसपैकी सतरा घरांनी डान्स सरांसाठी सह्या दिल्या, आणि सह्यांपुढे त्यांचंही चालत नाही. सर फेब्रुवारीपासून येणार. माझा शेवटचा दिवस ३१ मार्च.

बाबा आज "मीठ दे" सुद्धा म्हणाले नाहीत. मी दोन दिवस रडतेय. मला एकच सांग, खरं सांग, थट्टा नको. मी त्याला थांबवायला हवं होतं का?

संचिता


डोंबिवली,
३० जानेवारी

चि. संचिता,

थट्टा नको म्हणालीस म्हणून तीन दिवस लागले.

मी तुझ्या जागी असते तर उठून त्याचा हात धरला असता. मला माहीत आहे, कारण मी तसं केलेलं आहे. १९९३ सालच्या डिसेंबरमधलं गॅदरिंग, हेच नाटक, आणि पाणी आणणारा पोरगा म्हणजे आमचा केदार. तेव्हा पहिलीत होता. माझा मुलगा म्हणून त्याला राजा केला तर लोक बोलतील, म्हणून शेवटचं काम दिलं होतं.

घरी मी तो किस्सा कसा सांगते ते तू ऐकलं आहेस. केदारने राजाच्या अंगावर अर्धा तांब्या ओतला आणि अख्खा हॉल हसला. सगळ्या लग्नामुंजीत सांगून झालाय. त्यातला पुढचा भाग मी सांगत नाही. तो हळू ओतत होता. पेला काठोकाठ भरायचा असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. लोक हसायला लागले, समोर शिक्षणाधिकारी बसलेले, आणि मी विंगेतून निघाले, तांब्या हिसकावला, पेला राजाच्या हातात कोंबला आणि केदारला कॉलरला धरून आत नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले.

त्यानंतर तो चार माणसांपुढे कधी उभा राहिला नाही. त्याने रजिस्टर लग्न का केलं असं सगळे विचारतात. खर्च वाचवायला नव्हे. हॉलमध्ये स्टेजवर उभं राहावं लागतं म्हणून. हे त्याने सांगितलेलं नाही, मी ओळखलेलं आहे, आणि ओळखून गप्प बसले आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला विचारू नकोस. मी ज्या गावाला गेलेच नाही तिथला पत्ता कसा सांगू? नोकरी गेल्याचं वाईट वाटलं. खूप वाटलं. पाकीट नीट चिकटवलं आहे. आणणाऱ्यासमोर उघडू नकोस.

हेमाआत्या


ठाणे,
१० मार्च

ती. आत्या,

तुझं पत्र मी घरी येऊन वाचलं आणि कोणाला काही बोलले नाही. उत्तराला उशीर झाला, कारण इथे रोज काहीतरी घडत होतं आणि मला ते पूर्ण झाल्यावर लिहायचं होतं.

डान्स सरांचं नाव ऋतुराज. तुमच्या डोंबिवलीचेच, केसांत निळी बट, बरोबर फ्रिजएवढा स्पीकर. माणूस मनाने चांगला. पहिल्या शनिवारी त्यांनी गाणं लावलं आणि "फॉलो मी" म्हणून नाचायला लागले. बावीस मुलांनी बावीस चटया आणल्या, सरांभोवती अंथरल्या आणि बसून बघायला लागली. सर नाचतायत, म्हणजे सरांचं काम चाललंय. मध्ये कोण बोलणार? सरांना वाटलं पोरं भारावली आहेत, म्हणून ते आणखी नाचले. चाळीस मिनिटं. शेवटी भिंतीला टेकून म्हणाले, "आता कोण करणार?" बावीस हात वर. रांग लागली. कारण डान्स एकच होता.

साईनाथने तो अख्खा डान्स एकट्याने तीनदा केला. मग सरांपुढे जाऊन उभा राहिला आणि त्यांचा घाम पुसून काढला, वापरलेली वस्तू पुसून ठेवायची म्हणून. बारा वाजेपर्यंत तिघांचा नंबर लागला. सर म्हणाले, "सब साथ में करो ना, यार." अंतराने समजावलं, "आधी ह्याचं होऊ दे."

दुसऱ्या शनिवारी त्यांनी आवाज वाढवला. अंतराने स्पीकर बंद केला, पुसला आणि ढकलत मांडणीपाशी नेऊन ठेवला. तिसऱ्या शनिवारी मी वर्गात गेले तर मुलं आपापल्या कामात आणि सर खाली चटईवर बसून पेल्यांत पाणी ओततायत. प्रेम शेजारी बसून वाट बघत होता. सर मला म्हणाले, "मॅडम, माझं दोनदा सांडलं. ह्याचं कसं सांडत नाय?" त्याच दिवशी त्यांनी गेटवर जमलेल्या पालकांना सरळ सांगितलं की मी स्टेजवर चांगल्या चांगल्यांना नाचवलंय, पण ही पोरं कोणाची नक्कल करणार नाहीत, आणि मी ती खोड घालवणार नाही. तो माणूस पुन्हा आला नाही.

देवयानीताईंनी ती संधी सोडली नाही. पालकांना म्हणाल्या, सह्या ठेवा तुमच्याजवळ, आधी पाच-पाच जण साध्या दिवशी येऊन वर्गात तासभर बसा, एक अक्षर बोलायचं नाही, मग सांगा. पहिल्या दिवशी प्रेमची आई आली. बाहेर जाताना डॉक्टरांचं काही बोलली नाही. टाळ्या वाजवणारे काका तर दोनदा येऊन गेले. सतरापैकी अकरा घरांनी सह्या मागे घेतल्या. उरलेले सहा घोडबंदर रोडला जाणार आहेत, जाऊ देत, धूर लखलाभ.

माझी जागा राहिली, आत्या. कायम नाही केलं, एक वर्षाचं पत्र आहे. बाबांना दाखवलं, त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि जेवताना पुन्हा "मीठ दे" म्हणाले.

शनिवारी २२ मार्चला आजी-आजोबा आणि बाकी नातेवाईक वर्ग बघायला येणार आहेत. तू येशील का? गुडघ्याचं कारण चालणार नाही, शाळा तळमजल्यावर आहे.

संचिता


डोंबिवली,
१३ मार्च

चि. संचिता,

जागा राहिली हे वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यांदा "हाणली" म्हणाले. तो निळ्या बटेचा मुलगा आमच्या मागच्या गल्लीत राहतो असं कळलं, त्याला चहाला बोलावणार आहे.

मी येणार. चौतीस गॅदरिंग केली, पण एकही समोर बसून पाहिलेलं नाही. कायम विंगेत, कोणाच्या तरी मानेवर डोळे रोखून. प्रेक्षक काय बघतात ते मला माहीतच नाही. बोलणार नाही असा शब्द देते. जमलं नाही तर बाहेर काढा.

तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. काल रात्री जेवताना मी केदारला म्हटलं, अरे, ते 'राजाला पडसं' तुला आठवतं का, तू तांब्या ओतलास ते? तो भात कालवत होता, कालवतच राहिला. मला वाटलं यंत्राने ऐकू आलं नाही की काय, म्हणून मी कानाशी हात नेला. तेवढ्यात म्हणाला, "सांडलं नव्हतं, आई. तू हात धरलास तेव्हा सांडलं."

एकतीस वर्षं मी तो किस्सा सांगितला, आणि एकतीस वर्षं तो शेजारी बसून ऐकत आला.

मी म्हटलं, चुकलं माझं. त्याने मान हलवली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. हळू वाढली, आणि मी काहीही बोलले नाही.

तेव्हा उत्तर 'नाही' असं आहे, संचिता. थांबवायला नको होतं. २२ तारखेला दोन खुर्च्या ठेव, तोही येणार आहे.

तुझी,
हेमाआत्या